दत्तप्रसादांच्या काडतुसाची लांबी

दत्तप्रसाद टिपणीसांनी आयुष्यात एकदाच स्वतःच्या हातांनी काहीतरी बनवलं, आणि ते भर सामन्यात, सगळ्या क्लबादेखत, लेकीच्या पिस्तुलात अडकलं.

एकदा नव्हे, दोनदा. पहिल्यांदा अडकलं तेव्हा अवनीने शांतपणे डावा हात वर केला, पंच आले, काडतूस काढलं, सामना पुढे चालू झाला. दुसऱ्यांदा हात वर करताना तिने मागे वळून प्रेक्षकांत बसलेल्या बापाकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर दत्तप्रसादांनी तो सोसला असता. राग नव्हता, सांभाळून घेणं होतं. एकोणीस वर्षांच्या मुलीने बापाला सांभाळून घेतलं की बापाला फार लागतं. परत येताना गाडीत ती म्हणाली, "इट्स फाइन, बाबा. नेक्स्ट टाइम आय विल यूज द फॅक्टरी वन्स," आणि कानांत इअरफोन घातले. पुढचा सामना बरोबर एका महिन्यावर होता.

इथे दत्तप्रसादांची बाजू समजून घेतली पाहिजे. आखातात, जबल अलीतल्या एका गोदामात ते क्वालिटी इन्स्पेक्टर. पाच देशांतून येणारे व्हॉल्व्ह मोजायचे आणि जमेल तितके नापास करायचे, हे त्यांचं सव्वीस वर्षांचं कर्तृत्व. घरातसुद्धा त्यांच्या खिशात व्हर्नियर असे, म्हणजे ते जबड्यांत वस्तू धरून मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचून दाखवणारं पोलादी मापक. जुमेरा लेक टॉवर्समधल्या फ्लॅटचा ताबा घेताना त्यांनी दारांच्या फटी मोजून मालकाला पत्र लिहिलं होतं. अशा माणसाची वस्तू मापात चुकते म्हणजे काय, हे ज्याने कधी दुसऱ्याची वस्तू नापास केली आहे त्यालाच कळेल.

वाळवंटाच्या तोंडावर असलेल्या त्या नेमबाजी क्लबात एक खोली होती. परवाना असलेल्या सभासदाला तिथे, देखरेखीखाली, वापरलेली काडतुसं पुन्हा भरून घेता येत. घरी कोणी असलं काही करत बसलं तर इथला कायदा त्याला फार दिवस घरी राहू देत नाही. दारूला सभासदाने हात लावायचा नाही, ती काचेपलीकडे क्लबचा माणूस भरतो. सभासदाने फक्त शेवटचं करायचं. पितळी नळकांड्याच्या तोंडावर गोळी ठेवायची आणि प्रेसचा दांडा ओढून ती हवी तितकी खोल बसवायची. म्हणजे काडतुसाची एकूण लांबी तेवढी ठरवायची. बाप म्हणून आपण मुलीला एवढी एक लांबी देऊ शकतो, असं दत्तप्रसादांना वाटलं होतं, आणि ते वाटणं खरोखर मायेचं होतं.

लांबी त्यांनी चुकवली नव्हतीच, हीच तर गंमत. खोलीची प्रमुख हिबा नावाची एक कडक तरुणी होती. अबायावर ओळखपत्र, हातात कायम एक फाइल. तिने दिलेल्या पुस्तकात नऊ मिलीमीटरच्या काडतुसाची लांबी छापली होती: एकोणतीस मिलीमीटर आणि वर एकोणसत्तर शतांश. दत्तप्रसादांनी पन्नासच्या पन्नास काडतुसं त्या शेवटच्या नऊपर्यंत आणून बसवली. साध्या कागदाची जाडी दहा शतांश असते, यांची चूक त्या कागदाच्या दहाव्या हिश्शाचीही नव्हती. आणि तरी अडकली. माप बरोबर आणि वस्तू चूक, हा प्रकार सव्वीस वर्षांत त्यांनी पाहिला नव्हता. प्रथम त्यांनी पिस्तुलाच्या स्प्रिंगला दोष दिला, मग हवेतल्या दमटपणाला, मग व्हर्नियरला, आणि व्हर्नियरला दोष दिल्यावर मात्र त्यांना रात्री जेवण गेलं नाही.

मजल्यावर समोरच हारुन राहत. मूळचे रत्नागिरीकडचे, गाड्यांच्या स्पेअर पार्टचा धंदा, आणि सल्ला द्यायला दिरहम पडत नाही असं मानणारे. त्यांच्या वडिलांकडे रानडुकरांसाठी ठासणीची बंदूक होती, एवढ्या भांडवलावर ते शस्त्रविद्येचे जाणकार झाले होते. त्यांच्या बायकोने, शहरबानूभाभींनी, चहा आणून ठेवला आणि हारुननी निकाल दिला. "दत्ताभाई, लांब होतंय म्हणून अडकतंय ना? मग आत ढकल अजून. बाबा माझे गजाने ठासायचे, जितकं खोल तितका आवाज मोठा. खलास. इतका काय सोचतो?" तर्क बिनतोड होता. बिनतोड तर्काची एक वाईट खोड असते, तो करून बघावासा वाटतो.

दत्तप्रसादांनी पुढच्या शुक्रवारी पाच काडतुसं चांगली दोन मिलीमीटर आखूड बसवली. हिबाने एक उचललं, मोजलं, आणि पाचही गोळा करून लाल डब्यात टाकली. मग तिने इंग्रजीत, शाळेत सांगतात तसं, सावकाश सांगितलं. गोळी फार खोल गेली की आतली जागा कमी होते, जागा कमी झाली की दाब भलताच वाढतो, आणि मग पिस्तूल कधीकधी हातातच फुटतं. "मिस्टर दत्ता, हूज हँड?" तिने विचारलं. हात कोणाचा, हे दत्तप्रसादांना ठाऊक होतं. त्या हाताला पहिल्यांदा पेन्सिल त्यांनीच धरायला शिकवली होती. ते तिथल्या बाकावर बसले. लांब झालं तर अडकतं, आखूड झालं तर फुटतं, आणि या दोहोंच्या मधे केसाएवढी जागा आहे. इतक्या लहान जागेत इतकं मोठं काही मावतं याचा त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा धाक वाटला. व्हॉल्व्ह नापास करताना असा धाक कधी वाटला नव्हता.

दुसरा कोणी असता तर तिथेच कारखान्याच्या काडतुसांचा डबा घेऊन घरी आला असता. दत्तप्रसादांनी मात्र हिबाला विचारलं की दारूविना, ठिणगी पाडणाऱ्या टोपीविना, नुसती रिकामी नळकांडी घरी नेऊन सराव केला तर? हिबा म्हणाली, अर्ज करा, अरबीत. उत्तर येणार नाही हे तिने सांगितलं नाही, पण चेहऱ्यावर होतं.

टायपिंग सेंटरमध्ये अबरार नावाचा चटपटीत तरुण बसला होता. एकशे दहा दिरहम, म्हणजे जवळजवळ सव्वीसशे रुपये, असा हिशोब मोठ्याने करून दत्तप्रसादांनी श्वास सोडला आणि मजकूर सांगितला: घरच्या घरी, वैयक्तिक वापरासाठी, रिकामी कार्ट्रिज पुन्हा भरण्याचा सराव. अबरारने मान डोलावली, अरबीत 'खरतूशा' असा शब्द खटाखट टाइप केला, शिक्का मारला. काडतूस, कार्ट्रिज, खरतूशा, तिघं भावंडंच. दत्तप्रसादांना शब्द ऐकूनच आपलं माणूस भेटल्यासारखं झालं.

आणि नवव्या दिवशी परवानगी आली! हिरव्या शिक्क्याचं पत्र, हरकत नाही, अटी लागू. हारुननी ते हातातून घेतलं, फोटो काढला आणि आनंदाच्या भरात इमारतीच्या ग्रुपवर टाकला. दत्तप्रसाद ताठ मानेने पत्र घेऊन क्लबात गेले. हिबाने ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि त्या कडक मुलीला फाइल तोंडाशी धरावी लागली. अरबीत प्रिंटरच्या शाईच्या डबीलाही खरतूशाच म्हणतात. सरकारने दत्तप्रसाद टिपणीस यांना घरी प्रिंटरची शाई भरायला मुभा दिली होती.

घरी आले तर दारात माणसं. ग्रुपवर अरबी वाचणारे चौघेच, पण चौघांनीही घरी प्रिंटर ठेवले होते, आणि फुकट ते पौष्टिक हे तत्त्व आखाती देशांतही लागू आहे. पंधराव्या मजल्यावरची मिहिका शाळेच्या प्रोजेक्टसाठी तीन डब्या घेऊन आली होती. "अंकल, कॅन यू डू मजेंटा?" तिने विचारलं. आता नाही म्हणायचं तर खरं सांगावं लागलं असतं, आणि खरं सांगण्यापेक्षा शाई भरणं दत्तप्रसादांना सोपं वाटलं. त्यांनी व्हिडिओ पाहून आधी निळी डबी भरली. पुढचे तीन दिवस गोदामात त्यांनी जे जे नापास केलं, त्यावर निळ्या-जांभळ्या अंगठ्याची मोहोर उमटली.

मृणालिनीने, म्हणजे त्यांच्या पत्नीने, इतके दिवस काही म्हटलं नव्हतं. बेसिन निळं झाल्यावर मात्र ती म्हणाली, "दत्ता, तिने तुझ्याकडे काडतुसं मागितली होती का रे?" मागितली नव्हती. म्हणूनच तर द्यायची होती, पण हे बायकोला कसं समजावणार? सामना दहा दिवसांवर आला होता. अवनी रोज सकाळी कॉलेजला जाताना त्यांना मिठी मारत होती, पूर्वीपेक्षा जरा जास्तच घट्ट, आणि त्यांना ते अजिबात आवडत नव्हतं.

शेवटचा उपाय म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. काडतूस घरी आणता येत नाही, पण लांबी आणायला कोणाची ना? त्यांनी क्लबात व्हर्नियर पुस्तकातल्या मापावर लावला, स्क्रू घट्ट आवळला, आणि ती लांबी रुमालात गुंडाळून मेट्रोने घरी आणली. समोर ठेवून विचार करणार होते. जेवणाच्या टेबलावर ती ठेवून ते हात धुवायला गेले, अजून शाई होतीच, आणि परत येतात तो सासूबाई कृष्णाबाई चष्मा लावून व्हर्नियर वाचत बसलेल्या.

कृष्णाबाई दोन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर पुण्याहून आल्या होत्या. खडकीच्या बाई, वय एकाहत्तर, सुती साडी, पायांत नातीने घेऊन दिलेले पांढरे बूट. दिवसभर त्या खिडकीतून खालच्या तळ्यातली कारंजी पाहत आणि लसूण सोलत. जावयाशी बोलणं बेताचं. आता त्या उगाच व्हर्नियर हाताळतायत असं वाटून दत्तप्रसाद पुढे झाले, तर त्यांनी नजर न उचलता आकडा सांगितला. एकोणतीस, एकोणसत्तर. दत्तप्रसादांना स्वतःला तो वाचायला भिंग लागत असे.

"नऊ मिलीचं काडतूस दिसतंय," कृष्णाबाई म्हणाल्या. "हे पुस्तकातलं माप आहे. ही हद्द झाली, जावईबापू. पत्ता नव्हे. तुमची गोळी टोकदार आहे का बोथट?"

दत्तप्रसादांनी खुर्ची ओढली आणि बसले. बोथट, ते म्हणाले.

"मग अडकणारच. बोथट गोळीचे खांदे पुढे येतात आणि नळीत आटे सुरू होतात तिथे घासतात. पुस्तक लिहिणाऱ्याने तुमची गोळी कुठे पाहिलीय?"

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कृष्णाबाई अठ्ठावीस वर्षं चेकिंगला होत्या. काडतूस हातात घ्यायचं, पाहायचं, साच्यात घालायचं, जाऊ द्यायचं किंवा बाजूला काढायचं. रोज हजारो. मृणालिनीला आई चेकिंगला होती एवढं माहीत होतं, आणि तिची इतकी वर्षं अशी समजूत होती की आई गेटवर बायकांच्या पिशव्या तपासते. कृष्णाबाईंनी ती कधी दुरुस्त केली नव्हती. कारखान्यातलं काही बाहेर न्यायचं नाही, वस्तू नाही आणि बोलणंही नाही, असं पहिल्या दिवशी सांगितलं होतं. ते त्यांनी निवृत्तीनंतरही पाळलं होतं, आज जावयासाठी घरात पहिल्यांदा मोडलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मृणालिनी नवऱ्याकडे पाहून म्हणाली, पण दत्तप्रसादांचं लक्ष नव्हतं. ते सासूबाईंच्या बोटांकडे पाहत होते. एकवीस वर्षं त्या बोटांनी केलेली थालीपीठं त्यांनी खाल्ली होती. या बोटांखालून किती लाख काडतुसं गेली असतील, आणि त्यातलं एकही कोणाच्या हातात फुटलं नसेल, या विचाराने त्यांच्या अंगावर काटा आला.

क्लबात पाहुण्याचा पास काढायला सव्वा तास गेला. पासपोर्ट होता, व्हिसाची प्रत होती, पण अर्जात 'शस्त्रास्त्रांचा पूर्वानुभव' असा रकाना होता. हिबाने प्रश्न विचारला, दत्तप्रसादांनी मराठीत केला, आणि कृष्णाबाई म्हणाल्या, "काही लिहू नका." घरात बोलल्या ते बोलल्या, बाहेर बोलायचं नाही म्हणजे नाही. शेवटी हिबाने 'गृहिणी' असं लिहिलं. आयुष्यभर अर्जांतल्या चुका शोधणाऱ्या दत्तप्रसादांनी ती चूक तशीच राहू दिली.

आत गेल्यावर कृष्णाबाईंनी व्हर्नियर जावयाच्या हातातून काढून टेबलावर ठेवला आणि सोबत आलेल्या अवनीला पिस्तुलाची नळी सुटी करायला सांगितलं. अवनीने ती काढून आजीच्या तळहातावर ठेवली. मग दारू नसलेलं, हिबाने नमुन्याला दिलेलं एक काडतूस कृष्णाबाईंनी नळीत सोडलं. ते थोडं वरच राहिलं. नखाने ढकललं तरी वर, आणि नळी उलटी केली तरी पडेना. त्यांनी हिबाकडे बोट करून काळा मार्कर मागितला, गोळीला शाई फासली, पुन्हा नळीत घालून फिरवली, बाहेर काढली. काळ्या शाईवर एक चकचकीत ओरखडा होता, अर्ध्या नखाएवढा. महिनाभर जो शत्रू दत्तप्रसाद स्प्रिंगमध्ये, हवेत आणि नशिबात शोधत होते, तो तिथे एवढासा होऊन बसला होता.

"नळीला विचारायचं," कृष्णाबाई म्हणाल्या. "तिचं ती सांगते."

मग दत्तप्रसादांनी प्रेसचा स्क्रू केसभर फिरवला. दांडा ओढला. सासूबाईंनी नळीत सोडून पाहिलं, मान हलवली. आणखी केसभर. पुन्हा मान हलली. चौथ्या वेळी काडतूस नळीत गेलं आणि टप् असा आवाज आला. लहानसाच आवाज, पेटीचं झाकण नीट बसावं तसा. बोटाने फिरवलं तर ते मोकळं फिरलं, नळी उलटी केली तर आपणहून हातात आलं. दत्तप्रसादांना त्या वेळी देवळात उभं असल्यासारखं वाटलं, आणि त्याची त्यांना लाज वाटली नाही. हिबाने ते काडतूस मॅगझिनमध्ये घालून पाहिलं, मोजलं, दारूच्या तक्त्याशी ताडून पाहिलं, दाबाच्या हद्दीत आहे असं फाइलमध्ये लिहिलं. आकडा कोणता, हे दत्तप्रसादांनी त्या दिवशी विचारलंच नाही.

पन्नास काडतुसं त्यांनी एकट्याने बसवली. कृष्णाबाईंनी दांड्याला हात लावला नाही. सगळी झाल्यावर त्या टेबलाच्या कडेशी डोळे आणून वाकल्या, पितळी रांगेवरून नजर फिरवली आणि दोन बाजूला काढली. दत्तप्रसादांनी चोरून व्हर्नियर लावला. दोन्ही खरोखरच जादा निघाली, एक कागदभर, एक त्याहून थोडी जास्त. हिबाने ते पाहिलं, आणि जाताना आजींच्या खांद्यावरचा पदर सारखा करत त्यांना 'खालती' म्हणाली, म्हणजे माझी मावशी. कृष्णाबाईंना शब्द कळला नाही. त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला.

सामन्याच्या सकाळी अवनीपुढे दोन डबे होते, एक कारखान्याचा, एक बापाचा. दत्तप्रसाद मुद्दाम दुसरीकडे पाहत होते, पण मान वळवली म्हणून कान वळत नाहीत. तिने बापाच्या डब्यातलं एक काडतूस काढलं, नळी सुटी केली, सोडलं. टप्. तिने दुसरं घेतलं. टप्. मग कारखान्याचा डबा बंद करून तिने पिशवीत ठेवला आणि मैदानाकडे गेली.

चाळीस गोळ्या होत्या. दत्तप्रसादांनी प्रत्येक वेळी श्वास धरला आणि प्रत्येक वेळी सोडला. हारुन शेजारी बसून तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होते, बहुधा दुआ. विसाव्या गोळीला दत्तप्रसाद खिशातला व्हर्नियर काढून त्याची उघडझाप करायला लागले, तिसाव्याला मृणालिनीने तो काढून घेतला. चाळीसावी गेली. डावा हात एकदाही वर झाला नाही. दत्तप्रसाद उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मग फलक लागला. सोळा जणांत अवनी अकरावी आली होती.

त्यांच्या टाळ्या हवेतच थांबल्या. मनात लगेच कारणांची रांग लागली. गोळीचं वजन, दारूची खेप, पूर्वेकडून येणारा वारा, उन्हाची तिरीप. अवनी घामेजलेली वर आली तोवर त्यांनी तीन कारणं निवडलीही होती. पण ती बापाकडे न जाता सरळ आजीपुढे जाऊन गुडघ्यावर बसली. इंग्रजी आजीला कळत नाही, म्हणून तिने मोडक्या मराठीत, शब्द शोधत सांगितलं.

"आजी, बाबांच्या सगळ्या गेल्या. चुकल्या त्या माझ्या."

दत्तप्रसादांनी ते ऐकलं. महिनाभर त्यांनी 'चूक माझी' एवढं एक वाक्य सोडून बाकी सगळं बोलून पाहिलं होतं. ते लेकीशेजारी त्या तापलेल्या सिमेंटवर खाली बसले. तिच्या हातावरची काळी पूड त्यांनी आपल्या रुमालाने पुसली. तिनेही हात पुढे करून पुसू दिला.